आजोबांच्या १४० रेकॉर्ड्स, माझे ४० हजार: टर्नटेबल कोणतं घ्यावं?

वाड्यातला_नातू · रविवार, ११:४०

नमस्कार मंडळी. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर जुन्या शालींच्या खाली रेकॉर्ड्स. मोजल्या, १४० भरल्या. आजी म्हणाली, "मला साड्या कमी आणल्या आणि या जास्त." तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

ट्रंकेसोबत सुटकेससारखा उघडणारा एक जुना प्लेअरही निघाला. लावला तर रडतखडत फिरला, मग जळका वास आला, म्हणून पिन काढून ठेवली.

आता प्रश्न. बजेट ४० हजार, सगळं धरून. वडिलांचा १९८६ सालचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आहेत, दोन्ही ठणठणीत. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 'फोनो' लिहिलेली जोडी आहे, ती कशाची ते वडिलांनाही आठवत नाही. नवीन सुटकेस प्लेअर, ब्लूटूथसकट, सहा हजारांत दिसतो. घ्यावा का? नसेल तर ऑडिओ-टेक्निका, रेगा, प्रो-जेक्ट, सोनी यांतलं काय? व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय. आणि हा फोनो प्रीॲम्प काय प्रकार आहे, तो वेगळा का विकतात?

एक अडचण आधीच सांगतो. आम्ही नारायण पेठेत, वाड्यात, पहिल्या मजल्यावर. खाली लाकडी पाटाई. मी मोरीकडे गेलो तरी फडताळातल्या कपबशा बोलतात.

तिखट_मिसळ · रविवार, ११:५२

४० हजार भागिले १४०, म्हणजे रेकॉर्डमागे २८५ रुपये. तीच गाणी फोनवर फुकट आहेत. आपलं मत सांगितलं, राग नसावा.

जुनाबाजारी · रविवार, १२:१०

आले! मिसळराव, मागच्या आठवड्यात तुम्हीच पितळी स्टोव्हच्या वॉशरसाठी चार पेठा पालथ्या घातल्याचं लिहिलं होतंत ना? चहा गॅसवरही होतो.

खरखर · रविवार, १३:३०

नातू, मशीन राहू दे बाजूला. आधी ट्रंकेत काय आहे ते सांगा. लोक टर्नटेबल घरी आणतात आणि मग त्यांना कळतं की निम्म्या रेकॉर्ड्स त्यावर वाजणारच नाहीत.

प्रत्येक रेकॉर्डचा आकार बघा (१२ इंच, १० इंच, ७ इंच). लेबलवर वेग छापलेला असतो तो बघा. हातात धरून वजनाचा अंदाज घ्या. जड आणि ताठ असेल तर ती वाकवून बघू नका. पुन्हा सांगतो, वाकवून बघू नका.

वाड्यातला_नातू · रविवार, २१:०५

दुपारभर हेच केलं, आजी लेबलं वाचत होती आणि मी वहीत लिहीत होतो. १२ इंची, म्हणजे एलपी, ६१. ७ इंची ३८, त्यातल्या काहींवर ४५ आणि काहींवर 'सुपर ७' आणि ३३⅓ असं आहे. आणि १० इंची जड काळ्या ४१, बहुतेकींवर ७८. एलपींवर ईसीएलपी, ईसीएसडी, ईएएलपी असे नंबर आहेत. आवाजांत भीमसेन, हिराबाई, बालगंधर्व, भरपूर नाट्यगीतं, थोडी भावगीतं आणि एक पोपटी रंगाची बडबडगीतं, ती बहुतेक आत्याची.

खरखर · रविवार, २२:४५

४१ जड रेकॉर्ड्स! तुमची निम्मी यादी इथेच कापली गेली. बाजारातली बहुतेक नवी टर्नटेबल्स ३३ आणि ४५ वरच फिरतात.

७८ ची रेकॉर्ड प्लास्टिकची नाही. ती लाखेची आहे, बांगड्यांत वापरतात तीच लाख, दगडाची भुकटी घालून दाबलेली. म्हणून जड, आणि हातातून सुटली तर बशीसारखी फुटणारी. तिची खाचही रुंद. एलपीच्या सुईचं टोक १ मिलच्या आत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ७८ ला ३ मिल लागतं. एलपीची सुई ७८ मध्ये घातलीत तर ती खाचेच्या तळाला बसून तिथली पन्नास वर्षांची धूळ वाजवते. उलट ७८ ची जाडी सुई एलपीवर ठेवली तर खाचेत उतरतच नाही, काठ खरवडत जाते आणि एलपी कायमची जाते. तेव्हा सुया दोन हव्यात, यात तडजोड नाही.

वयावरून अंदाज बांधू नका. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, ४५ ची छोटी १९४९ मध्ये, पण आपल्याकडे १९६० च्या दशकातही ७८ निघत होत्या. बीटल्सच्या गाण्यांच्या ७८ भारतात छापल्या गेल्यात आणि परदेशी संग्राहक त्यांच्यामागे हात धुऊन लागलेले असतात. ट्रंकेत एखादी सापडली तर इथे लिहिण्याआधी ट्रंकेला कुलूप लावा.

ईसीएलपी आणि ईएएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी आणि ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई जिला बसते ती डबी) बिनधास्त वाजवा. ॲम्प्लिफायरला 'मोनो' बटण असेल तर ते दाबा. मोनोमध्ये गाणं असतं ते खाचेच्या आडव्या हालचालीत, उभ्या हालचालीत फक्त कचरा. बटण दाबलं की तो कचरा एकमेकांत वजा होतो. फरक दिसेलच, म्हणजे ऐकू येईल.

आता फोनो. सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक असतो. सुई थरथरली की तो वेटोळ्यांजवळ थरथरतो आणि वीज तयार होते. किती? साधारण ४ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे पाचशेपट. ही नुसती वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर डग्ग्याच्या एका घुमाऱ्याने खाच शेजारणीच्या घरात शिरेल. वरचे सूर मुद्दाम चढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की सुईची सळसळही सोबत उतरते. हे दाबणं-चढवणं किती, ते १९५० च्या दशकात आरआयएए नावाच्या आलेखाने ठरवून दिलं. फोनो प्रीॲम्प हाच आलेख उलटा लावतो: १००० हर्ट्झच्या तुलनेत अगदी खालचा खर्ज २० डेसिबलच्या आसपास वर, अगदी वरचे सूर तेवढेच खाली. आणि वर शंभरपट वाढ.

तुमच्या १९८६ च्या ॲम्प्लिफायरमध्ये हे सगळं आधीच आहे. फोनोच्या जोडीजवळ 'मॅग' आणि 'क्रिस्टल' असं काही लिहिलंय का तेवढं बघा. 'मॅग' म्हणजे अशा चुंबकवाल्या कार्ट्रिजसाठी. ते असेल तर वेगळ्या प्रीॲम्पचा खर्च वाचला.

(मूव्हिंग कॉइल नावाची महाग जात असते. तिच्यात वेटोळं हलतं, वीज आणखी दहापट कमी. तिकडे फिरकू नका.)

माझं मत: ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१२०एक्स. डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट फिरवते, बेल्ट नाही), ३३, ४५, ७८ तिन्ही वेग. त्यावर व्हीएम९५ई कार्ट्रिज येतं. त्याच अंगावर ७८ ची ३ मिलची वेगळी सुई, व्हीएमएन९५एसपी, नुसती ओढून-बसवून बदलता येते.

जर्सीकर · सोमवार, ०४:२०

मी डिसेंबरात पुण्यात येतोय, सवाई गंधर्व गाठायचाय. इकडे गराज सेलमध्ये जुनी छान बेल्टवाली टर्नटेबल्स अक्षरशः पन्नास डॉलरला मिळतात. एखादं आणू का नातूसाठी? स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं.

खरखर · सोमवार, ०८:१५

मन मोठं आहे तुमचं, पण थांबा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. जुन्या बेल्टवाल्यांत पुष्कळदा एसी सिंक्रोनस मोटर असते आणि ती विजेच्या ठेक्यावरच फिरते. ६० साठी कापलेली पुली ५० वर लावली की ३३⅓ ची रेकॉर्ड २७.८ वर फिरते. डीसी मोटरवालं किंवा क्वार्ट्झवालं (वेग स्फटिकाच्या ठेक्यावर सांभाळणारं) असेल तर ही भानगड नाही.

पांढरी_चार · सोमवार, ०९:०२

२७.८ म्हणजे तीन सुरांपेक्षा (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्या) थोडं जास्तच उतरलं. पांढरी चारमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्याही खाली जाऊन बसेल आणि द्रुत बंदिश मध्य लयीत ऐकू येईल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी असंच मशीन होतं. ती दोन वर्षं एका नामांकित गायिकेची नक्कल भलत्याच पट्टीत करत होती. तिचा आवाज खालच्या सप्तकात चांगला तयार झाला, तेवढाच फायदा.

जर्सीकर · सोमवार, ०९:३०

बरं झालं विचारलं. मग मी बाकरवडीच्या रिकाम्या बॅगा घेऊन येतो.

स्वानंदी_कोथरूड · सोमवार, १४:१०

खरखरकाकांचा अनुभव मोठा आहे, तरी इथे माझं जमत नाही. ६१ एलपी आहेत. रोज ऐकल्या जातील त्या याच. मग ४१ रेकॉर्ड्सच्या नादात डीजेंच्या धाटणीचं, दिवे, बटणं आणि वेग कमी-जास्त करायचा स्लायडर असलेलं मशीन कशाला?

माझ्याकडे चार वर्षं रेगा प्लॅनर १ आहे. त्यात काही नाही, हीच त्याची गंमत. एक मोटर, एक बेल्ट, सुई धरणारा एक हात. ४५ लावायची तर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) उचलून बेल्ट एका खोबणीतून दुसऱ्यात सरकवायचा. सासूबाई याला "जात्याची पाळी उचलणं" म्हणतात. अर्थिंगची वेगळी वायरही नाही, ती सोय आतल्या आतच आहे. पैसे गेलेत ते हातात आणि बेअरिंगमध्ये. प्रो-जेक्टचं डेब्यू कार्बन इव्होही याच विचाराचं, त्यात बेल्ट बदलून ७८ सुद्धा होतं, पण ते तुमच्या बजेटच्या बरंच वर जाईल.

७८ एखाद्या जाणकाराकडून एकदा नीट डिजिटल करून घ्या आणि ट्रंकेत परत ठेवा. प्रत्येक वेळी वाजवताना झिजतातच त्या.

खरखर · सोमवार, १९:४०

स्वानंदीताई, रेगाचा हात चांगला, हे कबूल. पण त्यांच्या आजींना ७८ ट्रंकेत परत ठेवायला कोण सांगणार? तुम्ही?

दुसरं. शास्त्रीय एलपीचा एक खास त्रास आहे आणि त्याचा उपाय हातात नसून सुईच्या टोकात आहे. ३३⅓ वर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर जाते. आत, लेबलजवळ, फक्त २१. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. पाश्चात्त्य पॉपमध्ये शेवटचं गाणं हळुवार ठेवून लोक वेळ मारून नेतात. आपल्याकडे काय होतं? विलंबित बाहेरच्या ऐसपैस जागेत आणि द्रुताच्या ताना, तिहाया, तबल्याची लग्गी सगळं आतल्या चिंचोळ्या गल्लीत. बाजू चांगली वीस-बावीस मिनिटांची. ताना चिरकायला लागल्या की लोक रेकॉर्डला शिव्या देतात. खरं तर सुईचं टोक त्या वळणात मावत नसतं.

म्हणून व्हीएम९५ चं अंग घ्या. आज त्यावर लंबगोल सुई आहे. उद्या पैसे साठले की त्याच अंगावर मायक्रोलिनिअर, म्हणजे आणखी बारीक टोकाची, सुई बसवा, ती आतल्या खाचेत फार सभ्य वागते. आयुष्यही कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लंबगोल ३०० तास, साधी गोल ५००, मायक्रोलिनिअर १०००. रोज एक एलपी म्हटलं तरी ३०० तास वर्षभर पुरतात.

स्वानंदी_कोथरूड · सोमवार, २०:०५

आतल्या गल्लीचं पटलं. माझ्याकडे एक यमन आहे, त्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत मी चहा टाकायला उठते. तरी स्लायडर मला आवडत नाही.

मुठेकाठचा · सोमवार, २३:१०

सुटकेस प्लेअरचं कोणी बोललंच नाही. मी घेतला होता, दिसायला गोड, फिरोजी रंगाचा. ब्रँड सांगत नाही. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, लाल प्लास्टिकची सुई. दाब माझ्या काट्यावर ६ ग्रॅम भरला. चांगलं कार्ट्रिज २ ग्रॅमवर चालतं. हाताला वजन नाही, दाब कमी-जास्त करायची सोय नाही, स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे स्पीकर थरथरला की सुई थरथरते. एक भावगीतांची एलपी महिन्याभरात 'श' आणि 'स' ला फुसफुसायला लागली. ती एलपी आईची होती. यापुढे लिहीत नाही.

जुनाबाजारी · मंगळवार, ०७:५०

नव्याच्या मागे सगळे लागलेत म्हणून जुन्याची बाजू मांडतो. मंगळवार पेठेत रविवार-बुधवार बाजार भरतो, मी गेली कित्येक वर्षं जातो. टर्नटेबल्स येतात. पण 'वाजतोय साहेब' यावर विश्वास नाही. पिशवीत स्वतःची एक टाकाऊ रेकॉर्ड ठेवायची. प्लॅटर हाताने फिरवून सोडायचा आणि किती वेळ फिरतो ते बघायचं. खाली रबरी चाकावर चालणारा असेल तर ते चाक नखाने दाबून बघायचं, दगड झालं असेल तर घरघर कायमची. हात दोन बोटांनी अलगद वर-खाली करायचा, लटपटला तर नमस्कार.

आणि त्या कार्ट्रिजची सुई आज मिळते का ते आधी बघा. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजं बनवणं बंद केलं. जपानची जिको वगैरे मंडळी बदली सुया करतात, पण त्या कधीकधी मशीनपेक्षा महाग.

स्वप्न म्हणाल तर टेक्निक्स एसएल-१२००. १९७२ ला आलं, १९७९ ला एमके२, २०१० ला बंद केलं आणि २०१६ ला परत आणलं, यातच सगळं आलं. जुन्या बाजारात मला एकदाच दिसलं. मी पाकीट काढेपर्यंत शेजारच्याने उचललं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

वाड्यातला_नातू · मंगळवार, २२:००

ॲम्प्लिफायर बघितला. टॉर्च लावून, पालथं पडून. 'मॅग' आणि 'क्रिस्टल' असं सरकतं बटण खरंच आहे! खरखरकाका, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलायत का?

ठरवतोय १२०एक्स. पण पाटाईचं काय? सुई उडणार नाही का?

मुठेकाठचा · मंगळवार, २२:२५

कोनाडा आहे का जाड भिंतीत? वाड्याच्या भिंती हलत नाहीत.

वाड्यातला_नातू · मंगळवार, २२:३१

आहे, पण त्यात गणपती आहे. शिवाय मशीन ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३५ खोल, कोनाडा एवढासा.

जुनाबाजारी · मंगळवार, २२:५०

भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोका आणि त्यावर कडप्पा टाका. फरशीवाल्याकडे ओट्यातून उरलेला तुकडा ६० बाय ४५ चा सांगा, कडा घासून देतो. परदेशी मंडळी दगडी आयसोलेशन प्लिंथ म्हणून जे घेतात ते हेच, आपल्याकडे त्यावर पोळ्या लाटतात. ब्रॅकेट आणि कडप्प्याच्या मध्ये रबराचे तुकडे. स्पीकर त्या फळीवर चुकूनही नकोत. आणि पाण्याच्या लेव्हलने चारही बाजूंनी सपाटी बघा, गवंड्याकडे असते.

पांढरी_चार · बुधवार, ०८:००

धुवायचं कसं तेही सांगा कोणी. पावसाळ्यात माझ्या कव्हरांवर पांढरी बुरशी आली होती.

खरखर · बुधवार, ११:२०

एलपी असेल तर: डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा, आणि उभी करून वाळवायची. लेबल भिजू द्यायचं नाही. बुरशी जास्त असेल तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

७८ ला अल्कोहोल लावायचं नाही. लावाल तर रेकॉर्ड विरघळेल. लाख स्पिरिटमध्येच विरघळते, सुतार त्याचंच पॉलिश करतात. ७८ ला नुसतं पाणी-साबण, झटपट, आणि लगेच कोरडं.

बुरशीची कव्हरं उन्हात नका टाकू, सावलीत वारं द्या. आतली कागदी पाकिटं फेकून नवी घ्या. आणि रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या. ट्रंकेत आडव्या रचून ठेवल्या की खालच्या वाकतात.

तिखट_मिसळ · बुधवार, ११:३५

फेव्हिकॉल ओतून साल काढतात असा व्हिडिओ पाहिला. सांगून ठेवतो, मी टवाळी करत नाहीये.

खरखर · बुधवार, ११:५०

एलपीवर करतात काही जण, निघतोही बराच मळ. सबंध बाजूला सारखा जाड थर हवा आणि रात्रभर वाळू द्यायला हवा, नाहीतर पापुद्रे तुटून खाचेतच राहतात. ७८ वर करू नका. मिसळराव, तुमच्याकडे आहेत वाटतं रेकॉर्ड्स?

तिखट_मिसळ · बुधवार, १२:१५

वडिलांच्या. अकरा. कोणाला सांगू नका.

वाड्यातला_नातू · पुढचा शनिवार, २०:४०

आलं! कडप्पा बसला, मशीन बसलं, ७८ ची सुईही आली. बजेटच्या वर अडीच हजार गेले, त्यात दागिन्यांचा छोटा काटाही आला.

पण आवाज भयानक फाटतोय. भीमसेन जणू मडक्यात बसून गातायत. आणि मागून घूंऽऽ अशी सतत घरघर.

खरखर · शनिवार, २०:५५

मशीनच्या पाठीमागे लाइन आणि फोनो असा स्विच आहे. आत्ता कुठे आहे?

वाड्यातला_नातू · शनिवार, २०:५८

लाइनवर.

खरखर · शनिवार, २१:०६

मग मशीनच्या आतल्या प्रीॲम्पने एकदा आलेख लावला, ॲम्प्लिफायरच्या फोनोने पुन्हा लावला. डबल फोडणी. स्विच फोनोवर करा.

घरघर म्हणजे अर्थिंग. बारीक वायर, टोकाला चिमटा, ती ॲम्प्लिफायरच्या 'जीएनडी' स्क्रूखाली घट्ट. तरीही राहिली तर हात हळूहळू आत-बाहेर नेऊन बघा. घरघर कमी-जास्त होत असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या फार जवळ आहे. कार्ट्रिज उजवीकडे असतं, तेव्हा ॲम्प्लिफायर डावीकडे न्या.

वाड्यातला_नातू · शनिवार, २२:३०

तिन्ही गोष्टी निघाल्या. स्विच, वायर, आणि ॲम्प्लिफायर खरंच उजवीकडे होता. आता दोन गाण्यांच्या मधली शांतता ऐकू येते. खाली गल्लीतून स्कूटर गेली तीही ऐकू येते, तो दोष तुमच्यावर नाही.

दाब २ ग्रॅमवर लावला, काट्यावर १.९८ आला. ७८ साठी दोन्ही बटणं एकदम दाबायची, ही गंमत मला पुस्तिका वाचून कळली. त्या सुईला ५ ग्रॅम लागतात पण वजनावरची चकती ४ पर्यंतच आकडे दाखवते, मग काट्यावर ठेवून ठेवून ५ केलं.

वाड्यातला_नातू · रविवार, १९:१५

हे वेगळं लिहितो.

आज आजीला बसवून हिराबाईंची एक ७८ लावली. मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "हे चढं लागलंय." मी म्हटलं, वेग बरोबर आहे, क्वार्ट्झ आहे. म्हणाली, "तुझं क्वार्ट्झ असेल, हिराबाईंचा आवाज असा बारीक नव्हता." मग स्वतःची पेटी काढायला लावली. भाता फाटलाय, पण सूर लागतात. रेकॉर्डमधला सा काळी आणि पांढरीच्या बरोबर मध्ये पडतो. स्लायडर उणे तीन टक्क्यांच्या आसपास नेला तेव्हा पेटीवर बसला. आजी म्हणाली, "आता हिराबाई."

असं असू शकतं का?

पांढरी_चार · रविवार, १९:४०

असू शकतं! एक सूर म्हणजे वेगात साधारण ६ टक्क्यांचा फरक, म्हणून तीन टक्के म्हणजे अर्धा सूर. आणि जुन्या ७८ सगळ्या काटेकोर ७८ वर कापलेल्या नसायच्या. मी तर प्रत्येक ७८ आधी पेटीवर बसवून मगच ऐकते.

खरखर · रविवार, २०:२०

रंगाचा बेरंग करतो, माफ करा. सा दोन पट्ट्यांच्या मध्ये होता, म्हणजे अर्धा सूर खाली नेलात तरी तो पेटीवर बसणार आणि अर्धा सूर वर नेलात तरी बसणारच. शिवाय त्या काळच्या सगळ्या पेट्या एका मापाला लावलेल्या नव्हत्या. तुमच्या आजीच्या पेटीने काही सिद्ध होत नाही.

स्वानंदी_कोथरूड · रविवार, २०:३१

स्लायडरबद्दलचे माझे शब्द मागे घेते.

वाड्यातला_नातू · रविवार, २१:१०

काकांचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. वर नेऊनही ऐकवलं, उणे तीनऐवजी अधिक तीन. तिने मध्येच हात वर करून थांबवलं. म्हणाली, "त्या गृहस्थांना सांग, पेटी तुझ्यासाठी काढली होती. मी त्यांना पहिल्या रांगेत बसून ऐकलंय."

उणे तीनवर पेन्सिलीने खूण केली आहे. पुढची ७८ बालगंधर्वांची, ती म्हणते ती वेगळी लावावी लागेल.